कॅमेरा चुकवण्याआधी एवढे वाचा

नवी गाडी घेतल्याबद्दल अभिनंदन. वेग टिपणाऱ्या कॅमेऱ्यात क्रमांक दिसू नये म्हणून क्रमांकाच्या पाटीवर चमकणारी फिल्म लावावी का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट ‘नाही’ असे आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मधील नियम 50 व 51 नुसार क्रमांक ठरलेल्या आकारात आणि स्पष्ट वाचता येईल असाच हवा. फिल्म, वाकवलेली पाटी किंवा ‘दादा’ वाचता यावे म्हणून वळवलेले आकडे यांपैकी काहीच त्यात बसत नाही.

नवख्यांची नेहमीची चूक मात्र नकळत होते. मी सायकल नेण्यासाठी मागे बसवलेल्या स्टँडने पाटीचे शेवटचे दोन आकडे झाकले होते, आणि ते मला पेट्रोल पंपावरच्या मुलाने दाखवले. पावसाळ्यात चिखलही तेच करतो, म्हणून डिकीत एक ओले फडके ठेवा.

दुसरी चूक म्हणजे कॅमेऱ्यापुरता ब्रेक दाबणे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दोन ठिकाणांमधील सरासरी वेगही मोजला जातो, त्यामुळे ही युक्ती तिथे निरुपयोगी ठरते. शिवाय मागचा ट्रक अंगावर येतो तो वेगळाच.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 नुसार हलक्या वाहनाला अतिवेगाचा दंड 1000 ते 2000 रुपये आहे. खोटा क्रमांक लावल्यास मात्र प्रकरण फसवणुकीच्या गुन्ह्यापर्यंत जाऊ शकते. दंडाचे चलन चुकीचे वाटल्यास कॅमेऱ्याचे छायाचित्र तपासून रीतसर हरकत घ्या.