नदी झुळझुळते, पण नेमकी कुठे?

(मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की कॉलेजातल्या मुलांचं लिखाण वाचून ती कुठली आहेत हे कळत नाही. त्यावर इतकी पत्रं आलीत की बाकीचे विषय पुढच्या महिन्यावर ढकलतेय. नावं नेहमीप्रमाणे छापत नाहीये.)

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, मराठी शिकवतो, कॉलेज उजनीच्या बॅकवॉटरला लागूनच आहे. एफवायला 'माझे गाव' लिहायला दिलं, ४६ वह्या आल्या. निम्म्याहून जास्त वह्यांत गाव निसर्गरम्य, नदी झुळझुळ वाहणारी आणि पक्ष्यांचा किलबिलाट. आमच्याकडे नदी झुळझुळत नाही हो, धरणाचं पाणी फुगून उभं आहे! पोरं रोज ते पाणी बघत कॉलेजला येतात, तरी असं का लिहितात? (इंदापूर तालुका)

सर, ती झुळझुळ पोरांची नाहीये, गाईडातली आहे, आणि तिला आजवर मार्क पडत आलेत. पाचवीपासून दहावीपर्यंत नदी म्हटलं की झुळझुळ, सूर्य म्हटलं की तांबडा गोळा, आजी म्हटलं की सुरकुतलेले हात. मार्क देणारे आपणच. मीसुद्धा दिलेत, बोर्डाचे गठ्ठे पुढ्यात असले की झुळझुळ दिसली तरी टिक करून पान उलटतो आपण, खोटं कशाला बोलू.

मी काही वर्षं धरणाच्या त्या अंगाला, करमाळ्याकडे शिकवत होते. तिथे मी 'माझे गाव' हा विषयच बंद केला. फळ्यावर एकच ओळ लिहिली, "धरण मायनसमध्ये गेलं", आणि सांगितलं की कोल्हापूरला तुमची मावसबहीण आहे असं समजा, तिला ही ओळ कळेल अशी एक पानभर समजावून लिहा. पोरं हसली, यात काय लिहायचं मॅडम, मायनस म्हणजे मायनस. लिहायला बसल्यावर मात्र अडकली. कारण भांड्यात पाणी असेल किंवा नसेल, शून्याच्या खाली कसं जाईल? उजनीत सगळं मिळून साधारण ११७ टीएमसी (टीएमसी म्हणजे अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं ६३ च्या आसपास मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी, आणि टक्के मोजायचे ते फक्त वरच्या ५४ टीएमसीवर. म्हणजे पेपरात 'उजनी शून्य टक्के' छापून येतं त्या दिवशी धरणात निम्म्याहून जास्त पाणी असतं, आणि त्यानंतर जे उपसलं जातं ते सगळं मायनस. हे सोलापूर जिल्ह्यातल्या चहाच्या टपरीवर कुणालाही ठाऊक आहे, कोल्हापूरच्या बहिणीला नाही. आपल्याला काय माहितीये आणि समोरच्याला काय माहिती नाहीये, हे ओळखणं म्हणजे अर्धं लिखाण, ते मी व्याख्यान देऊन वर्षभर शिकवलं असतं तरी गेलं नसतं डोक्यात.

त्या वेळी एका पोराने टक्केवारीला हातच लावला नाही. त्याने लिहिलं (आठवणीतून देतेय) की मे महिन्यात आमची मोटार तीनदा खाली गेली, तिसऱ्यांदा केबल कमी पडली म्हणून शेजाऱ्यांकडे मागायला मला पाठवलं, कारण चुलत्याचं आणि त्यांचं बोलणं नाही. बस, एवढंच, चार ओळी. पाणी मागे सरतं तसं माणसं मोटारी, पाईप, केबल घेऊन त्याच्या मागे जातात, आणि त्या केबलमध्ये भावकी गुंतलेली असते. पोरगा वही देताना विचारतो, मॅडम, हे निबंधात चालतं का? मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, त्याच्यासाठी नाही, आपल्यासाठी.

तुमच्याकडे तर खजिना आहे. १९८० ला धरण झालं, गावं उठली, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्यात गेलं आणि पाणी खूप उतरलं की वर येतं. तेव्हा रील काढायला सगळेच जातात, तुम्ही पोरांना सांगा की आजीला विचारून या, देवळापासून आपलं घर कुठल्या दिशेला होतं आणि वाटेत काय काय लागायचं. फक्त वाट लिहायची. 'विस्थापितांचे दुःख' हा शब्दप्रयोग केला की एक मार्क कापणार म्हणून दम भरा. भिगवणच्या रोहित पक्ष्यांवर लिहिणार असतील तर पुण्याच्या पर्यटकासारखं नको, होडीवाल्याचा पोरगा वर्गात असेलच, त्याला विचारा पक्षी एप्रिलनंतर गेले की घरी काय चालतं. आणि पाण्याचा हिरवा रंग, वास, जलपर्णी, पुण्या-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून तुमच्या दारात येतं ते, हेही गावच आहे की. ते झाकून गाव निसर्गरम्य करण्यात काय अर्थ आहे.

अजून एक, हे पत्रात तुम्ही विचारलं नाहीये पण सांगते. लिहायचा तास दुपारी पत्र्याच्या वर्गात घेऊ नका. एप्रिलमध्ये दोन वाजता वर पत्रा तापलेला, पंखा खडखडतोय, आणि निम्म्या पोरींचं लक्ष सव्वातीनच्या एसटीकडे, कारण ती गेली की पुढची साडेपाचला. अशा तासाला 'कल्पनाशक्ती कमी पडते' म्हणून शेरा मारायचा म्हणजे अन्यायच. मी सकाळचा पहिला तास मागून घेतला होता, प्राचार्यांशी थोडं वाजलं पण मिळाला.

प्रश्न : मॅडम, मी रत्नागिरी जिल्ह्यातली, एसवायबीएला आहे. मी लिहिलं 'आमच्या घरामागचा सडा पावसात फुलतो'. सरांनी लाल गोल करून लिहिलं की सडा अंगणात घालतात, घरामागे नसतो, आणि फुलत तर नाहीच. वर्ग हसला. मी आता पठार लिहू का?

अगं नको! तुझे सर घाटावरचे असणार, त्यांच्याकडे सडा म्हणजे शेणाचा. त्यांचाही दोष नाही, पण हसणाऱ्या वर्गात स्थानिक पोरं होती ना, ती का गप्प बसली हा खरा प्रश्न आहे.

सडा म्हणजे जांभ्याचं उघडं सपाट माथं, मे महिन्यात अनवाणी पाय ठेवता येत नाही आणि पाऊस लागला की त्याच कातळावर गवत, फुलं, पाण्याची डबकी. 'पठार' म्हटल्यावर यातलं काय दिसतं? काहीच नाही, भूगोलाचं पुस्तक दिसतं. आणि या शब्दांना आता मान मिळालाय, ज्या कातळावर तुम्ही गुरं चारत होतात त्याच्यावरच्या खोदचित्रांना सगळं जग कातळशिल्पं म्हणतंय, २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. २०२३ ला रिफायनरीच्या सर्वेक्षणावरून आंदोलन झालं तेव्हा बारसूचा सडा महिनाभर बातम्यांत होता, तेव्हा कुणी लाल गोल केला नाही.

फक्त एक कर. पहिल्यांदा शब्द येईल तिथेच त्याला हात दे: "घरामागच्या सड्यावर, जांभ्याच्या त्या उघड्या कातळावर, पाऊस लागला की..." झालं. कंस नको, खाली टीप नको. तुमच्याकडचं खळं म्हणजे घरापुढचं अंगण, देशावरचं खळं म्हणजे मळणीची जागा, अशा शब्दांना तर हात द्यायलाच लागतो, नाहीतर सोलापूरचा वाचक तुझ्या खळ्यात बैल फिरवत बसेल. आणि एक सांगून ठेवते, गावचे शब्द मसाल्यासारखे भुरभुरवू नकोस, जिथे दुसरा शब्द चालत नाही तिथेच टाक. ऱ्हस्वदीर्घ मात्र नीट लिही, त्याला बोलीचं कारण चालणार नाही.

प्रश्न : मुलगी दुसऱ्या वर्षाला आहे, पर्यावरणाचं प्रोजेक्ट झेरॉक्सच्या दुकानातून २०० रुपयांना रेडिमेड आणलं, स्पायरल बाइंडिंगसकट. म्हणते सगळेच आणतात, सर उघडूनही बघत नाहीत. मी चिडू की सोडून देऊ? (पिंपरी-चिंचवड)

चिडा, पण नुसतं मुलीवर नको. हा विषय कॉलेजात आला तो सुप्रीम कोर्टामुळे, १९९१ ला पर्यावरणाचे खटले लढणारे वकील एम. सी. मेहतांच्या याचिकेवर आदेश झाला आणि २००३ मध्ये कोर्टाने परत कान उपटल्यावर पदवीच्या सगळ्या शाखांना तो सक्तीचा झाला. यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, जो अभ्यासक्रम केला त्यात १०० पैकी २५ मार्क फील्डवर्कला होते, म्हणजे जवळची नदी, टेकडी, प्रदूषित जागा बघून या, नेहमीची झाडं, किडे, पक्षी बघा आणि नोंदवा. कल्पना चांगली होती. एकेका वर्गात दीडदोनशे पोरं, तपासायला एकच माणूस, त्यामुळे फील्ड झेरॉक्सच्या दुकानात येऊन पोचलं. 'ग्लोबल वॉर्मिंग : एक समस्या' हे प्रोजेक्ट तर इतक्या हातांतून गेलंय की त्यातल्या शुद्धलेखनाच्या चुकासुद्धा मला पाठ आहेत.

तुमच्याकडे पवना आहे. मुलीला म्हणावं एकच पूल निवड, चार रविवार सकाळी सातला पंधरा मिनिटं तिथे उभी राहा. पाण्याचा रंग, वास, काय तरंगतंय, कोण आलं, त्याने काय टाकलं, तेवढंच लिही, आणि 'प्रदूषण' हा शब्द शेवटच्या पानापर्यंत वापरायचा नाही. पहिल्या रविवारी चार ओळी येतील. चौथ्या रविवारी निर्माल्याची पिशवी टाकणारे काका तिला ओळखायला लागतील आणि पिशवी लपवतील, त्यावर पान होतं. सरांनी नाही वाचलं तर मला पाठवा, मी वाचते. आणि हो, तुम्हीही जा बरोबर, सकाळी पुलावर एकटीला नको.

प्रश्न : मी डोंबिवलीत राहतो, मुंबईला कॉलेज. आमच्या मॅडमनी 'माझा परिसर आणि निसर्ग' यावर दोन पानं मागितलीत. आमच्याकडे निसर्गच नाही, काय लिहू? गावाला जाऊन आल्यावर लिहू का?

बाळा, २०१४ च्या जानेवारीत तुझ्या डोंबिवलीत हिरवा पाऊस पडला होता, एमआयडीसीच्या केमिकलमुळे म्हणून सगळ्या चॅनेलवर होता. २०२० ला रस्ता गुलाबी झाला, तो बघायला मुख्यमंत्री येऊन गेले. आणि तू निसर्ग शोधायला गावाला निघालास? बिल्डिंगमधल्या ज्या काकूंच्या दोरीवर त्या दिवशी कपडे वाळत होते त्यांना गाठ, कपड्यांचं काय झालं विचार. खिडक्या कुठल्या वाऱ्याला बंद करतात तेही विचार, त्यांना वेळ आणि दिशा दोन्ही पाठ असेल. दोन पानं पुरणार नाहीत तुला. फक्त लोकलच्या दारात लटकून मोबाईलवर टाइप करू नकोस, आत जागा मिळाली तर लिही, नाहीतर घरी जाऊन.