तीन गाभण एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन जातीच्या) गाई सांगोल्याच्या बाजारात न्याव्यात की गोठ्यावरूनच विकाव्यात?

गोठ्यावरूनच विका. रविवारच्या सांगोला बाजारात गिऱ्हाईक भरपूर, पण आठ-नऊ महिन्यांच्या गाभण गाईला टेम्पोत चढवणं म्हणजे जिवाशी खेळ. शिवाय संध्याकाळ होत आली की हेडी, म्हणजे जनावरांचा दलाल, ओळखतो, हा माणूस गाय परत नेणार नाही. मग भाव पाडतो. मी एकदा असाच फसलोय.

आधी डॉक्टरांकडून गाभण तपासणी करून घ्या. गाय भरवल्याची (रेतन केल्याची) तारीख लिहून ठेवा. तिथून साधारण 280 दिवस धरले की विण्याची तारीख निघते. गिऱ्हाईक पहिलं तेच विचारतं. दुसरं म्हणजे मागच्या वेताचं दूध. डेअरीच्या पावत्या दाखवा, तोंडी लिटरवर कोण विश्वास ठेवतो?

सातव्या-आठव्या महिन्यात, कास उतरायला, म्हणजे भरायला लागली की दर चांगला येतो. व्हॉट्सअ‍ॅपवर कासेचा मागून काढलेला व्हिडिओ टाका, चारही सड दिसू द्या. एखादा सड बंद असेल तर आधीच सांगा, नाहीतर विल्यावर भांडण दारात येतं.

कानातल्या 12 अंकी बिल्ल्याची नोंद गिऱ्हाइकाच्या नावावर करून द्या. आणि पूर्ण पैसे हातात आल्याशिवाय दावं सोडू नका, पाहुणा असला तरी.