घर बदलायची घाई नको

प्रश्न : गेली सात वर्षं माझी स्वतःची वेबसाईट आहे, जेकिल या साध्या मजकुराच्या फायलींतून वेबसाईट बनवणाऱ्या प्रोग्रामवर केलेली. साठेक लेख आहेत. नवा लॅपटॉप घेतला, जेकिल ज्या रुबी या प्रोग्रामिंग भाषेवर चालतं तिची नवी आवृत्ती टाकली आणि आता 'जेकिल सर्व्ह' म्हटलं की 'वेबरिक सापडत नाही' अशी एरर येऊन सगळं थांबतं. एक मित्र म्हणतो जेकिलसारख्याच ह्यूगोवर जा, दुसरा म्हणतो वर्डप्रेस घे. काय करू?
— एक वाचक

उत्तर : आज कुठेही जाऊ नका. तुमची साईट शाबूत आहे. वेबरिक म्हणजे आपले लेख स्वतःच्या लॅपटॉपवर पाहण्यापुरता लागणारा छोटा सर्व्हर. पूर्वी तो रुबीसोबतच यायचा. डिसेंबर २०२० मध्ये रुबी ३.० आली, तेव्हा त्याला बाहेर काढलं आणि जेकिलच्या त्या वेळच्या आवृत्त्या अडल्या. साईटच्या फोल्डरमध्ये जाऊन टर्मिनलवर 'बंडल ॲड वेबरिक' (bundle add webrick) एवढी एक आज्ञा द्या, गाडी बहुधा पुढे सरकेल. मग जेमफाइल आणि जेमफाइल-लॉक (साईटला लागणाऱ्या जेम्सच्या, म्हणजे रुबीच्या तयार जोडभागांच्या, याद्या) दोन्ही गिटमध्ये, म्हणजे फायलींच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये, कमिट करून ठेवा, म्हणजे पुढच्या लॅपटॉपवर जेम्सच्या याच आवृत्त्या बसतील.

हे इतक्या कळकळीने सांगतेय, कारण अशाच एका एररच्या वैतागात मी एका शनिवारी सगळं ह्यूगोवर हलवलं होतं. ह्यूगो उत्तम आहे. एकच प्रोग्राम उतरवायचा, रुबी नको, नोड नको, शेकडो पानं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच तयार. मी खुशीत होते. तीन आठवड्यांनी एका शिक्षिकेचं पत्र आलं : विद्यार्थ्यांना दिलेल्या टिपणात तुमच्या लेखाची लिंक होती, ती आता उघडत नाही. जेकिल पत्त्यात वर्ष, महिना, तारीख घालतं आणि शेवटी 'डॉट एचटीएमएल' लावतं. ह्यूगोने स्वतःच्या रीतीने नुसतं फोल्डरचं आणि लेखाचं नाव ठेवलं होतं. एका फटक्यात माझ्या प्रत्येक लेखाची जुनी लिंक मेली होती, आणि मला घरात बसून सगळं छान दिसत होतं! मग जुनं साईटमॅप, म्हणजे साईटवरच्या पत्त्यांची यादी, समोर ठेवून प्रत्येक लेखाच्या माथ्यावर 'एलियासेस' या जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवणाऱ्या नोंदीत जुना पत्ता हाताने लिहिला. दोन संध्याकाळी गेल्या. त्या शिक्षिकेची लिंक पुन्हा उघडली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

पुढेमागे हलायचंच ठरलं, तर आधी साईटमॅपची प्रत काढा. नव्या ठिकाणी त्यातला एकेक पत्ता उघडून बघा, मगच जुनं काढा. लेख मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या खुणा घातलेल्या मजकुरात, आहेत, ते कुठेही येतील. वर्डप्रेस मी वाईट म्हणणार नाही, फोनवरून लिहिणाऱ्याला ते सोयीचं. पण तिथे सर्व्हरवर पीएचपी आणि डेटाबेस कायम चालू असतात, प्लगइनसकट सगळं वेळच्या वेळी अपडेट करावंच लागतं. तुमच्या साठ लेखांना हा व्याप कशाला?

एरर सुटली की त्याच बैठकीत आणखी एक बघा : डोमेनच्या नूतनीकरणाची सूचना ज्या ईमेलवर येते, तो ईमेल तुम्ही अजून उघडता ना?