बिलिंग सॉफ्टवेअरमधून वापराची माहिती न विचारता घेतली तर काय बिघडतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही किराणा आणि कापड दुकानांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करता. कुठली सोय वापरली जाते, प्रोग्राम कुठे कोसळतो हे कळावं म्हणून त्यात टेलिमेट्री, म्हणजे वापराची माहिती आपोआप तुमच्याकडे पाठवणारी सोय, घालायची आहे. विचारलं तर कुणी 'हो' म्हणणार नाही अशी धास्ती आहे, आणि माहिती 'निनावी'च असेल तर विचारायचं कशाला, असंही वाटतंय.

मी सोलापुरात हाच धंदा करतो. चादर-टॉवेलचे व्यापारी, युनिफॉर्म शिवणारे कारखानदार, थोडी किराणा दुकानं. तुमच्यासारखाच हिशेब करून मी एकदा न विचारता टेलिमेट्री चालू केली होती. त्याचं काय झालं ते आधी सांगतो, कायद्याचं नंतर.

पूर्व भागातले एक टॉवेलचे व्यापारी आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. माझ्या अगदी सुरुवातीच्या गिऱ्हाइकांपैकी. त्यांचा पुतण्या इंजिनिअरिंगला. दिवाळीच्या सुट्टीत घरी कंटाळून त्यानं राउटरमधली नोंद चाळली, तर गोदामातला कॉम्प्युटर दर अर्ध्या तासाला कुठल्यातरी अनोळखी पत्त्यावर काहीतरी धाडतोय. लगेच अण्णांचा फोन आला: "सर, तुमचं सॉफ्टवेअर काय पाठवायलंय ओ?"

मी गेलो, चहा घेतला आणि छातीठोकपणे सांगितलं की फक्त बटणांचे आकडे आणि एरर जातात. "पार्ट्यांची नावं?" "छे, छे."

घरी येऊन सर्व्हरवरचे एरर रिपोर्ट उघडले आणि कान लाल झाले. माझं सॉफ्टवेअर बिलाची पीडीएफ पार्टीच्या नावानं साठवायचं. ती फाइल उघडताना प्रोग्राम कोसळला की फाइलचा पूर्ण पत्ता रिपोर्टमध्ये यायचा. म्हणजे पार्टीचं नाव, गाव, बिलाची तारीख. एकानं तर नावापुढे लक्षात राहावं म्हणून मोबाइल नंबरही लिहून ठेवला होता, तोही माझ्याकडे आला होता. 'नाव पाठव' अशी एकही ओळ मी कोडमध्ये लिहिली नव्हती. तरी नावं आली होती.

दुसऱ्या दिवशी जाऊन खरं सांगितलं. अण्णांना खासगीपणा वगैरे शब्दांशी देणंघेणं नव्हतं. त्यांचे प्रश्न दोनच होते. हे जीएसटीवाल्यांना जातं का? आणि पलीकडच्या गल्लीतल्या टॉवेलवाल्याकडेही तुमचंच सॉफ्टवेअर आहे, त्याला हे दिसतं का? आमच्याकडे कुठली पार्टी कुणाकडून किती दराने उचलते, ही माहिती म्हणजे अर्धी पेढी. मग ते म्हणाले, "मागाला मीटर लावलं तर कामगाराच्या डोळ्यासमोर लावतो आम्ही. आकडा त्यालाबी दिसतो, मलाबी दिसतो. तुम्ही मागच्या बाजूला लावला की ओ."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मागावरचे 'पिक', म्हणजे कापडात पडणारे आडवे धागे, मोजणारं मीटर काय किंवा माझी टेलिमेट्री काय, मोजण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हतीच. स्वतः आयुष्यभर मोजत आलेला माणूस आहे तो.

आता तुमच्या 'निनावी'कडे येतो. हा शब्द मोठ्या कंपनीला थोडा तरी शोभतो, आपल्याला नाही. माझी गिऱ्हाइकं शंभराच्या आत आहेत. त्यांत तीन कॉम्प्युटर असलेला, कन्नड कीबोर्ड वापरणारा आणि रात्री दहानंतर बिलं करणारा एकच माणूस आहे. नावाच्या जागी बत्तीस अक्षरांचा यादृच्छिक क्रमांक टाकला तरी तो कोण हे मी डोळे मिटून सांगतो. मोठ्यांनाही निनावीपणा सहज साधत नाही: २००६ साली एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीनं साडेसहा लाख लोकांनी इंटरनेटवर काय काय शोधलं ते संशोधकांसाठी, नावं काढून, फक्त क्रमांक लावून जाहीर केलं. काही दिवसांतच पत्रकारांनी त्यातल्या एका बाईंचं घर शोधून काढलं. लोक स्वतःचं गाव, आडनाव, आजार शोधतात. नाव काढलं तरी माणूस शिल्लक राहतोच.

यावर एक जुनी युक्ती आहे, १९६५ साली वॉर्नर नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं मांडलेल्या कल्पनेवर उभी. सोप्या रूपात ती अशी: उत्तर देणाऱ्यानं आधी गुपचूप नाणं उडवायचं. छापा आला तर खरं उत्तर द्यायचं, काटा आला तर पुन्हा उडवून पडेल ते 'हो' किंवा 'नाही' सांगायचं. एकेका उत्तरावर कुणी बोट ठेवू शकत नाही, पण हजारो उत्तरांतून खरं प्रमाण गणितानं काढता येतं. अॅपल आणि गुगल यांनी आपल्या उपकरणांत आणि ब्राउझरमध्ये याच जातीच्या पद्धती वापरल्या आहेत. तुमच्या-माझ्या ऐंशी दुकानांना मात्र ती निरुपयोगी, कारण एवढ्या थोड्या उत्तरांत नाण्याचा गोंगाटच जास्त उरतो.

'विचारलं तर हो म्हणणार नाहीत' ही भीती खोटी नाही. पण विचारण्याचाही एक प्रकार असतो. २०२१ च्या मे महिन्यात ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये टेलिमेट्री घालायचा प्रस्ताव आला. ती आपणहून चालू होणार नव्हती, आधी विचारणारच होते. तरी लोक खवळले, कारण माहिती गुगल आणि यांडेक्स ही रशियन कंपनी यांच्या यंत्रणेतून जाणार होती. प्रस्ताव मागे घ्यावा लागला. म्हणजे 'घेऊ का?' एवढं विचारून भागत नाही. कुणाच्या हातात जाणार हेही त्याच वाक्यात सांगावं लागतं. अण्णांचा दुसरा प्रश्न वेगळा काय होता?

उलट उदाहरण गुगलच्या गो या प्रोग्रामिंग भाषेचं. २०२३ च्या फेब्रुवारीत त्या भाषेचं काम बघणारे रस कॉक्स यांनी टेलिमेट्रीचा आराखडा मांडला. काय मोजणार ते आधी जाहीर करायचं, जमलेले आकडे सगळ्यांना खुले ठेवायचे, सगळं नीट. फक्त ती मुळातच चालू राहणार होती. त्यावर इतकी टीका झाली की त्यांनी तो भाग बदलला. ऑगस्ट २०२४ मध्ये गो १.२३ आली तेव्हा मोजणी वापरणाऱ्याच्याच मशीनवर होत होती आणि त्यानं स्वतः चालू केल्याशिवाय काहीही बाहेर जात नव्हतं. थोड्या लोकांच्या नमुन्यावरही त्यांचं काम भागत होतंच. डेबियन ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम तर कित्येक वर्षं इन्स्टॉल करतानाच विचारते की कुठली पॅकेजेस, म्हणजे प्रोग्राम, वापरता ते कळवाल का, आणि आधीपासून निवडलेलं उत्तर 'नाही' असतं. तरीही पुरेसे लोक 'हो' म्हणतात, आणि कुठलं पॅकेज पहिल्या सीडीवर ठेवायचं हे त्या आकड्यांवरून ठरवता आलं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो, मी वकील नाही. आपल्याकडे डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तो टप्प्याटप्प्यानं लागू होतोय. त्यात संमती म्हणजे मोकळ्या मनानं, कशासाठी ते कळून, स्पष्ट कृती करून दिलेली. आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज परत घेता आली पाहिजे. आधीच टिक केलेला चौकोन त्यात बसत नाही. कायद्यातच एक उदाहरण दिलंय: डॉक्टरी सल्ल्याच्या अॅपनं फोनमधली संपर्कयादीही मागितली आणि बाईंनी दोन्हीला 'हो' म्हटलं, तरी सल्ल्यासाठी यादी लागत नाही म्हणून तिची संमती फक्त सल्ल्यापुरतीच धरायची. बिलिंगला काय लागतं आणि काय लागत नाही, याचा विचार करताना मला हे उदाहरण फार उपयोगी पडतं. शिवाय संमतीचा मजकूर इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या भाषांपैकी एकीत वाचायचा पर्याय द्यावा लागतो. मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चारही भाषा त्यात आहेत, आणि सोलापुरात एका गल्लीत चारही ऐकू येतात. त्यामुळे भाषांतराचं काम आलंच.

आणखी एक बाब सहसा सुटते. दुकानदार स्वतःच्या वापराबद्दल 'हो' म्हणू शकतो. त्याच्या गिऱ्हाइकांची नावं आणि नंबर तुम्हाला द्यायची परवानगी त्याच्या खिशात नसते. म्हणून ती माहिती त्याच्या संमतीच्या भरवशावरही घेऊ नका.

मी आता काय करतो ते सांगतो. सॉफ्टवेअर बसवल्या दिवशी विचारत नाही. त्या दिवशी माणूस दिसेल त्या खिडकीवर 'ओके' दाबत सुटलेला असतो, त्या 'ओके'ला काही किंमत नाही. दोनेक आठवड्यांनी, दिवसाचा हिशेब मिटल्यावर, एकदाच खिडकी येते: "कुठला पर्याय किती वेळा वापरला आणि प्रोग्राम कुठे बंद पडला, एवढंच आठवड्यातून एकदा सोलापूरच्या आमच्या ऑफिसात येईल. पार्टीचं नाव, रक्कम, दर, जीएसटी नंबर येणार नाही. सरकारला किंवा दुसऱ्या व्यापाऱ्याला यातलं काही जात नाही. पाठवू का?" खाली 'पाठवा' आणि 'नको', दोन्ही बटणं एका मापाची, एका रंगाची. 'नको' म्हटलं की पुन्हा विचारत नाही, आणि एकही सोय अडवत नाही.

मेनूत 'आतापर्यंत काय पाठवलं' असं एक पान आहे. गेलेलं प्रत्येक पत्र तिथं जसंच्या तसं वाचता येतं. कल्पना माझी नाही. फायरफॉक्समध्ये असं पान फार पूर्वीपासून आहे, आणि विंडोज १० वर वर्षानुवर्षं टीका झाल्यावर मायक्रोसॉफ्टनंही २०१८ मध्ये तशी सोय दिली. हे पान गिऱ्हाईक फारसं उघडत नाही. मीच उघडतो. प्रत्येक नवी आवृत्ती देण्याआधी त्यातली पत्रं मोठ्यानं वाचतो, दुकानात समोर अण्णा बसलेत असं समजून. जिथं जीभ अडखळते ती ओळ काढून टाकतो. फाइलचा पत्ता, कॉम्प्युटरचं नाव (ते बहुतेक वेळा मालकाचंच असतं) आणि एररचा मोकळा मजकूर असा गेला. एरर आता फक्त क्रमांकानं येते. त्यामुळे काही बिघाड शोधायला मला जास्त वेळ लागतो, हे कबूल करतो.

किती जण 'पाठवा' म्हणाले? निम्म्याहून थोडे कमी. यात एक खोट आहे: 'हो' म्हणणारे बहुतेक तरुण, कॉम्प्युटरला सरावलेले. नुसत्या त्यांच्या आकड्यांवर गेलो असतो तर मोठ्या अक्षरांचा पर्याय मी काढूनच टाकला असता, कारण त्यांच्यात तो कुणी वापरत नाही. म्हणून महिन्यातून दोन दुपारी मी दुकानांत जाऊन नुसता बसतो. बिल करणाऱ्या मुनीमजींचा हात कुठे थबकतो ते बघतो. गिऱ्हाइकं शेकड्यात असतील तोवर तुम्हीही हेच करा. आधी टेलिमेट्रीचा सर्व्हर विकत घेऊ नका.

अण्णांच्या मशीनवर आजही 'नको' आहे. सॉफ्टवेअर मात्र त्यांनी सोडलं नाही. मागच्या महिन्यात त्यांची छपाई अडकली, तर त्यांनी स्वतःच स्क्रीनचा फोटो काढून मला व्हॉट्सअॅपवर टाकला. फोटोत चार पार्ट्यांची नावं आणि टॉवेलचे दर ठळक दिसत होते. मी बिघाड काढून दिला, फोटो पुसला आणि तसं त्यांना कळवलं. त्यांचा एकच अंगठा आला.