बयाना देण्याआधी थोडं थांब

इंदूरजवळच्या राऊमधला प्लॉट हातचा गेला म्हणून तू दोन दिवस धड जेवला नाहीस, हे वहिनींकडून कळलं. मीही यातून गेलोय. इंदूरच्या सुपर कॉरिडॉर रस्त्याजवळची एक जागा इतकी आवडली होती की मनातल्या मनात अंगणात पारिजातक लावून झाला होता. मग खसरा, म्हणजे जमिनीचा सरकारी उतारा काढला, तर कागदावर चार भावंडांची नावं आणि सही द्यायला तयार एकटा! त्या रात्री रडलो. बयाना दिलेला नव्हता, म्हणून निभावलं.

दलाल म्हणेल, ‘आजच द्या, संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय.’ छातीत धडधडायला लागतं. नेमकं तेव्हाच उठून घरी ये. खसरा, बी-१ ची (खातेदाराच्या नोंदीची) नक्कल, डायव्हर्शन (जमीन बिगरशेती केल्याचा कागद), नगर तथा ग्राम निवेशाची, म्हणजे नगररचना खात्याची मंजुरी, कॉलनी असेल तर रेराचा नोंदणी नंबर, हे सगळं वकिलाला दाखवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नकोस. रजिस्ट्रीनंतर नामांतरणही, म्हणजे सरकारी दप्तरात आपलं नाव चढवणंही, लगेच उरकून घे.

आणि जागा भर पावसात बघ. आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत पाणी कुठे साचतं ते तेव्हाच दिसतं. आईला मात्र रजिस्ट्री होईपर्यंत काही सांगू नकोस, दर वेळी तिचाही जीव वरखाली होतो.