‘राणीचा’ भारतीय बचाव?

दादरच्या एका वाचकाचा प्रश्न आहे. सुलतान खान आणि कापाब्लांका यांच्या बुद्धिबळाच्या गाजलेल्या डावाविषयी वाचताना त्यांना ‘राणीचा भारतीय बचाव’ असे शब्द दिसले; काळ्या मोहऱ्यांच्या सुरुवातीच्या चालींच्या एका पद्धतीचं हे नाव. आपल्या पटावर राणी नसतेच, मग हे बरोबर कसं?

बरोबर नाहीच. आपल्याकडे राजाशेजारी वजीर उभा असतो. मूळ भारतीय खेळात हे मोहरं मंत्र्याचं होतं आणि तिरकं एकच घर जायचं. युरोपात ते राणी झालं, पंधराव्या शतकाच्या अखेरीस त्याला आजची चालही मिळाली. ती चाल आपण घेतली, पण नाव फारसीतून आलेलं वजीर हेच ठेवलं. शह आणि मात त्याच वाटेने आले.

शिवाय या बचावाचं इंग्रजी नाव ‘क्वीन्स इंडियन’; त्यातली क्वीन म्हणजे मोहरं नव्हे, पटाची बाजू. काळ्याचं वजिराकडच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर सरकतं आणि रिकाम्या घरात उंट येऊन बसतो. तिथून लांबच्या कर्णावर त्याची नजर थेट पटाच्या मध्यावर. म्हणून ‘वजिराकडचा भारतीय बचाव’ म्हणावं.

यातलं ‘भारतीय’ फार मोलाचं आहे. जुन्या देशी नियमांत प्यादं पहिल्या चालीतही एकच घर जाई, त्यामुळे असा कडेचा उंट आपल्या खेळाडूंच्या हातात बसलेला होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कोलकात्यात मोहेशचंद्र बॅनर्जी हे खेळाडू जॉन कॉक्रेन या स्कॉटिश खेळाडूविरुद्ध याच वळणाचे बचाव खेळत. हे नाव त्या परंपरेचं आहे.

पंजाबचे सुलतान खानही देशी नियमांवरच वाढलेले. इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेतल्या त्या गाजलेल्या डावात मात्र त्यांच्याकडे पांढरी मोहरी होती; हा बचाव खेळला तो क्युबाचा माजी जगज्जेता कापाब्लांका, आणि ६५ चालींत हरला! तेव्हा ‘सुलतान खान यांचा भारतीय बचाव’ असंही कुठे लिहू नये.

मुंबईतल्या शिकवणी वर्गांतली मुलं सर्रास ‘क्वीन्स इंडियन’ म्हणतात. विशेषनाम म्हणून ते चालेल. मराठी करायचंच असेल तर मात्र वजीर हवा, आणि सामान्यरूपात जि ऱ्हस्व: वजिराचा, वजिराकडचा. ‘वजीराचा’ नव्हे.