जेम्स बाँड सोडून तुमचे आवडते हेरपट कोणते?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की बाँडचे सगळे बघून झाले, 'मिशन इम्पॉसिबल' झाले, बोर्नही झाला. आता हेरगिरीचंच पण वेगळं काही सुचवा, आणि जमल्यास घरच्यांसोबत बघता येईल असं. माझी आवड आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं वाचायचं की नाही ते तुम्हाला ठरवता येईल. मला हेर नोकरी करताना बघायला आवडतो. पगारवाढ मागणारा, साहेबाची बोलणी खाणारा, एका फाइलीसाठी जीव टांगणीला लागलेला. विमानातून उडी मारणाऱ्या हेराचा मला तासाभरात कंटाळा येतो, कारण तो मरणार नाही हे तिकीट काढतानाच ठाऊक असतं.

नोकरदार हेरांमध्ये मान पहिला 'द इप्क्रेस फाइल'चा (१९६५). गंमत अशी की हा बाँडच्याच घरचा. निर्माता हॅरी सॉल्झमन, संगीतकार जॉन बॅरी, कलादिग्दर्शक केन अ‍ॅडम, संकलक पीटर हंट, सगळी बाँडपटांचीच मंडळी. इकडे बाँड जोरात चाललेला असताना सॉल्झमनने तिकडे त्याच्या बरोब्बर उलटा माणूस उभा केला. मायकेल केनच्या हॅरी पामरला जाड भिंगांचा चष्मा आहे. सुरुवातीला गजर वाजतो आणि पडद्यावर सगळं धूसर दिसतं, कारण स्वारीने अजून चष्माच लावलेला नसतो. मग तो उठतो, कॉफीच्या बिया दळतो, कॉफी करतो, आणि कॅमेरा निवांतपणे ते बघत राहतो. नव्या खात्यात बदली झाल्याचं कळल्यावर त्याला पहिली आठवण होते ती पगाराची.

यातला माझा लाडका प्रसंग सुपरमार्केटमधला आहे. पामर आणि त्याचे आधीचे साहेब कर्नल रॉस ट्रॉल्या ढकलत बोलतायत. विषय गंभीर, देशाच्या सुरक्षेचा वगैरे. आणि मध्येच साहेब त्याच्या ट्रॉलीतला मश्रूमचा डबा बघून म्हणतात, नुसत्या फ्रेंच नावासाठी जास्त पैसे मोजतोयस, शेजारच्या फळीवर स्वस्त आहेत. पामर शांतपणे सांगतो की नावाचा प्रश्न नाही, यांना चवच चांगली आहे. त्या दोन वाक्यांत साहेब कसा, हाताखालचा कसा आणि दोघांचं एकमेकांबद्दलचं मत काय, सगळं येऊन जातं. मूळ कादंबरीचे लेखक लेन डेटन स्वतः वर्तमानपत्रात पाककृतींचं सदर करायचे. सिनेमात पामर एका हाताने अंडी फोडतो तेव्हा पडद्यावर दिसणारा हात डेटन यांचाच आहे. उत्तरार्धात मेंदू धुण्याचा जो भाग येतो तो मात्र आज जुनाट वाटतो. तिथे मी उठून चहा टाकतो.

त्याच १९६५ सालात रिचर्ड बर्टनचा 'द स्पाय हू केम इन फ्रॉम द कोल्ड' आला. कृष्णधवल, थंडगार, आणि सगळे चेहरे आठवडाभर जागरण केल्यासारखे. नोकरी गेलेला, दारूच्या आहारी गेलेला माणूस असल्याचं सोंग घेऊन अ‍ॅलेक लीमस हा ब्रिटिश हेर पूर्व जर्मनांच्या गळाला लागतो. आपल्याला खरं कशासाठी पाठवलंय ते त्याचं त्यालाच फार उशिरा कळतं. बर्लिनची चौकी म्हणून जी दिसते ती डब्लिनमध्ये उभारली होती, पण शंकासुद्धा येत नाही. दोन तासांत एकदाही हसू येणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

या सिनेमाच्या मूळ कादंबरीचे लेखक जॉन ल कारे स्वतः ब्रिटिश गुप्तचर खात्यात नोकरीला होते. त्यामुळे त्यांच्या हेरांच्या बायका सोडून जातात आणि शत्रूपेक्षा कचेरीतलं राजकारणच जास्त छळतं. त्यांच्याच 'टिंकर टेलर सोल्जर स्पाय'वर २०११ मध्ये टोमास आल्फ्रेडसन या स्वीडिश दिग्दर्शकाने सिनेमा केला. ब्रिटिश गुप्तचर खात्याच्या पार वरच्या मजल्यावर रशियाचा माणूस बसलाय, तो कोण हे हुडकायचं. हुडकणार कोण, तर ज्याला सक्तीने घरी बसवलंय तो जॉर्ज स्मायली. कल्पना हवेतली नाही. किम फिल्बी नावाचा ब्रिटिश गुप्तचर खात्यातला बडा अधिकारी वर्षानुवर्षं रशियासाठी काम करत होता आणि १९६३ मध्ये बैरुतहून निसटून मॉस्कोला पोचला.

या सिनेमातली सर्वांत थरारक चोरी कशाची असेल? एका नोंदवहीची. पीटर गिलम हा तरुण अधिकारी आपल्याच कचेरीच्या दफ्तरखान्यातून ती पळवतो. बॅग दाराशी जमा करायची, बाहेरून ठरल्या वेळी फोन यायचा, सगळं घड्याळाच्या काट्यावर. काम फत्ते होतं, आणि नेमकं तेव्हाच वरून बोलावणं येतं: जरा वर या, साहेब लोक बसलेत. ज्यांनी कधी सरकारी कचेरीत नोकरी केलीय त्यांना त्या बोलावण्याची धडकी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. आणि स्मायली कसा आहे ते एका मधमाशीवरून कळतं. चालत्या गाडीत मधमाशी शिरते, बाकीचे हात झाडत बसतात. स्मायली ती आपल्या बाजूला येईपर्यंत थांबतो आणि काच खाली करतो. गॅरी ओल्डमनने अख्खी भूमिका त्याच चालीने केलीय. ऑस्करचं पहिलं नामांकन त्याला यासाठी मिळालं. 'काहीच कळलं नाही' अशी या सिनेमाबद्दल तक्रार असते आणि ती खोटी नाही. पहिल्यांदा बघताना नावं एका कागदावर लिहून ठेवा, लाज वाटून घेऊ नका.

आता माझा सगळ्यांत आवडता: 'द लाइव्ह्ज ऑफ अदर्स' (२००६), जर्मन भाषेतला. १९८४ सालचं पूर्व बर्लिन. एका नाटककाराच्या घरात चोरून ऐकायची यंत्रं बसवलीत, आणि माळ्यावर कानाला हेडफोन लावून गेर्ड व्हीसलर हा श्टासीचा अधिकारी बसलाय. श्टासी म्हणजे पूर्व जर्मनीचं राज्यसुरक्षा खातं. १९८९ मध्ये तिथे सुमारे ९१,००० पगारी नोकर होते आणि जवळपास १ लाख ८९ हजार खबरी, तेही १ कोटी ६० लाखांच्या देशात. या नाटककारावर पाळत ठेवायचं खरं कारण त्याची नाटकं नाहीत. एका मंत्र्याचा त्याच्या मैत्रिणीवर डोळा आहे. हे कळल्यावर व्हीसलरसारख्या तत्त्वनिष्ठ माणसाच्या आत काहीतरी हलायला लागतं.

ते हलणं दिग्दर्शक फ्लोरियान हेंकेल फॉन डोनर्समार्क फार थोडक्यात दाखवतो. व्हीसलर लिफ्टमधून वर चाललाय. एक लहान मुलगा चेंडू घेऊन आत येतो आणि विचारतो, तुम्ही खरंच श्टासीत आहात का? श्टासी म्हणजे काय ते तुला माहीत आहे का, असं व्हीसलर विचारतो. मुलगा म्हणतो, हो, वाईट माणसं, लोकांना पकडून तुरुंगात टाकतात, बाबा म्हणतात. आयुष्यभराच्या सवयीने पुढचा प्रश्न व्हीसलरच्या तोंडातून निघतो: 'काय नाव तुझ्या…' आणि तो अडखळतो. मुलगा वाट बघतोय. '…चेंडूचं?' वडिलांचं नाव विचारायचं होतं, ते गिळून टाकलं. व्हीसलर झालेल्या उल्रिश म्यूअच्या चेहऱ्यावर या सगळ्यात जेमतेम एखादी रेषा हलते.

दुसरा प्रसंग कँटीनमधला. एक तरुण कर्मचारी पक्षप्रमुख होनेकरवर विनोद सांगायला लागतो, आणि समोर मोठे साहेब बसलेत हे लक्षात येऊन पांढरा पडतो. साहेब आधी दम देतात, मग हसून स्वतःच एक विनोद सांगतात. प्रकरण मिटलं असं आपल्याला वाटतं. पुढे पदावनती झालेला व्हीसलर तळघरात वाफेवर लोकांची पत्रं उघडत बसलेला दिसतो आणि त्याच्या मागच्याच खुर्चीवर कोण असतं? तोच विनोद सांगणारा पोरगा. कोणी काही समजावून सांगत नाही, कॅमेरा तिथे रेंगाळत नाही. ९ नोव्हेंबर १९८९ ला बर्लिनची भिंत उघडल्याची बातमी रेडिओवर ऐकून व्हीसलरला देतो तोही हाच.

या सिनेमावर जर्मनीत टीकाही झाली. श्टासीच्या जुन्या तुरुंगाचं स्मारक बर्लिनमध्ये होहेनश्योनहाउझनला आहे. तिथल्या संचालकांनी चित्रीकरणाला परवानगी नाकारली. असा मायेचा पाझर फुटलेला श्टासी अधिकारी प्रत्यक्षात कोणी नव्हता, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा मुद्दा मला पटतो. ज्यांची आयुष्यं त्या फायलींमध्ये चिरडली गेली त्यांना व्हीसलर ही फसवणूक वाटणारच. तरी सिनेमा म्हणून माझं मत बदलत नाही. शेवटचं वाक्य सांगत नाही, ते तुम्हीच ऐका. सिनेमाला ऑस्कर मिळाल्यानंतर काही महिन्यांतच, जुलै २००७ मध्ये म्यूअ कॅन्सरने गेला.

चोरून ऐकण्यावरूनच आठवला फ्रान्सिस फोर्ड कपोला यांचा 'द कॉन्व्हर्सेशन' (१९७४). यातला हॅरी कॉल सरकारी हेर नाही, पैसे घेऊन लोकांची बोलणी टेप करणारा खासगी माणूस आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरच्या गर्दीत एक जोडपं बोलत फिरतंय आणि त्याचे लोक तीन बाजूंनी ते टिपतायत. मग तो टेप पुन्हा पुन्हा ऐकतो, आवाजातला कचरा काढत जातो, आणि एक वाक्य वर येतं. त्या वाक्यात जोर कोणत्या शब्दावर आहे, सगळा सिनेमा त्यावर तोललाय. हेडफोन लावून बघा, मोबाईलच्या स्पीकरवर निम्मी मजा जाते.

आपल्याकडे साठ-सत्तरच्या दशकांत बाँडच्या नकलाच फार झाल्या. जितेंद्र 'फर्ज'मध्ये एजंट ११६, मिथुन 'सुरक्षा'मध्ये गनमास्टर जी-९. पांढरे बूट आणि गाणी यासाठी बघायला हरकत नाही. नीट हेरपट म्हणावा असा 'राझी' (२०१८). १९७१ च्या युद्धाआधी पाकिस्तानी लष्करी घराण्यात लग्न करून गेलेली सहमत ही काश्मिरी मुलगी तिथून बातम्या पाठवते. मेघना गुलजारने एक गोष्ट जिद्दीने केलीय: सासरचं घर वाईट दाखवलेलं नाही. नवरा समजूतदार, सासरे प्रेमळ. अमृता खानविलकरने केलेली जाऊबाईसुद्धा साधी, जीव लावणारी. त्यामुळे सहमतचं प्रत्येक यश कोणाच्या तरी विश्वासघातावर उभं राहतं आणि टाळ्या वाजवायची सोय उरत नाही. तिचं प्रशिक्षण घाईत उरकलंय आणि त्या घरातले लष्करी अधिकारी फारच मोकळेपणाने गुपितं बोलतात, एवढं मात्र खटकतं. 'मद्रास कॅफे'ही (२०१३) यादीत घ्या, विशेषतः शेवटच्या अर्ध्या तासासाठी.

मराठीत म्हणाल तर बहिर्जी नाईक हे नाव घरोघरी माहीत आहे. 'फर्जंद' आणि 'फत्तेशिकस्त'मध्ये ते दिसतातही, पण मोहिमेतले एक सरदार म्हणून. पिंगळा, फकीर, गोंधळी अशा सोंगांत महिनोन् महिने एका परक्या शहरात राहणाऱ्या माणसाचा संथ, लढाई नसलेला सिनेमा अजून कोणी केलेला नाही. कोणी केला तर पहिल्या दिवशी पहिल्या खेळाला मी हजर.

गोळीबाराशिवाय श्वास रोखायला लावणारा अलीकडचा सिनेमा हवा असेल तर कोरियन 'द स्पाय गॉन नॉर्थ' (२०१८). 'ब्लॅक व्हीनस' हे सांकेतिक नाव असलेल्या खऱ्या दक्षिण कोरियाई हेराची ही गोष्ट. नव्वदच्या दशकात व्यापारी बनून तो उत्तर कोरियाच्या अधिकाऱ्यांशी बीजिंगमध्ये सूत जमवतो आणि होता होता थेट किम जोंग-इलच्या भेटीपर्यंत पोचतो. त्या दरबारात आधी एक इटुकला पांढरा कुत्रा दुडदुडत येतो, मग साहेब. हसावं की घाबरावं कळत नाही. कोरियन नावांना घाबरून सोडू नका, अर्ध्या तासात सवय होते.

घरच्यांसोबत बघायचाय म्हणालात, तर सुरुवात स्पीलबर्गच्या 'ब्रिज ऑफ स्पाइज'ने (२०१५) करा. १० फेब्रुवारी १९६२ ला बर्लिनजवळच्या ग्लीनिके पुलावर रशियाचा हेर रुडॉल्फ आबेल आणि अमेरिकेचा वैमानिक गॅरी पॉवर्स यांची अदलाबदल झाली, तिची ही गोष्ट. आबेलचा वकील त्याला विचारतो, तुम्हाला काळजी वाटत नाही का? आणि मार्क रायलन्सचा आबेल दर वेळी तोच प्रतिप्रश्न करतो: वाटून काही उपयोग होईल का? आमच्या घरात वीजबिल आलं की आता हेच बोललं जातं. त्यानंतर 'राझी', मग सगळ्यांना सबटायटल वाचायचा कंटाळा नसेल तर जर्मन सिनेमा, अर्थात लहान मुलं झोपल्यावर. 'टिंकर टेलर' एकट्याने, रात्री, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. आणि आंग ली यांचा 'लस्ट, कॉशन' (२००७) कोणी सुचवला तर सिनेमा उत्तम आहे, त्यातले पत्त्यांऐवजी माजाँगच्या सोंगट्यांवर चाललेले डावपेच बघण्यासारखे आहेत. पण आईवडील शेजारी बसलेले असताना चुकूनही लावू नका.